ब्रेकच्या नळीला पोलादी वीण

पुण्या-मुंबईच्या जुन्या मोटारींच्या बाजारात फोक्सवॅगनच्या पोलो जीटी टीएसआय या गाडीला अजूनही एक वेगळा ग्राहक आहे. चाकणच्या कारखान्यात २००९ पासून तयार होणारी पोलो २०२२ मध्ये बंद झाली. त्यातली १.२ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची, १०५ अश्वशक्तीची जीटी टीएसआय ही आवृत्ती २०१३ मध्ये आली होती. वजन सुमारे अकराशे किलो, बांधा आटोपशीर आणि इंजिनाच्या संगणकाचे प्रोग्रॅमिंग बदलले की ताकद बरीच वाढविता येण्याची सोय, या गुणांमुळे वेगाची आवड असलेल्या तरुणांना ती आजही हवीहवीशी वाटते. गाडी हाती आल्यावर पहिला खर्च होतो तो इंजिनावर. मग रुंद टायर आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर येतो. एक दिवस एक्स्प्रेस वेवर समोरचा ट्रक अनपेक्षितपणे मार्गिका बदलतो, पाय पेडलवर दाबला जातो, पेडल थोडेसे स्पंजासारखे लागते आणि गाडीच्या मालकाला ब्रेकची आठवण होते. गॅरेजमधून किंवा मित्रांच्या कंपूतून सल्ला मिळतो, ‘ब्रेडेड लाइन टाकून घे.’

ब्रेडेड लाइन म्हणजे बाहेरून पोलादी तारेची घट्ट वीण असलेली ब्रेकची नळी. शर्यतीच्या गाड्यांमध्ये ती असते, दिसायला देखणी असते आणि ब्रेकच्या इतर सुधारणांच्या मानाने स्वस्तही पडते. तिच्याविषयीची सर्वांत लाडकी समजूत अशी, की ती बसविली म्हणजे गाडी कमी अंतरात थांबते. ही समजूत जवळजवळ पूर्णपणे चुकीची आहे. नळी बदलल्याने काहीच होत नाही, असे मात्र नाही. जे होते ते वेगळे आहे, आणि ते समजून घेण्यासाठी पेडलपासून चाकापर्यंतचा प्रवास एकदा पाहणे आवश्यक आहे.

ब्रेकच्या पेडलवर पाय पडतो तेव्हा तरफेच्या तत्त्वाने पायाचा जोर काही पटींनी वाढतो. त्यात इंजिनाच्या निर्वातावर चालणारा सर्व्हो आणखी भर घालतो. हा जोर मास्टर सिलिंडरमधल्या दट्ट्यावर पडतो आणि दट्ट्या आपल्या पुढच्या द्रवाला रेटतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातल्या पास्कलचा नियम इथे कामाला येतो. द्रव दाबून लहान होत नाही, म्हणून तो दाब चाकापाशी असलेल्या कॅलिपरच्या दट्ट्याला ढकलतो आणि पॅड फिरत्या डिस्कला करकचून धरतात. कडक ब्रेक मारल्यावर हा दाब १०० बारच्या, म्हणजे सुमारे १५०० पीएसआयच्या आसपास जातो. टायरमध्ये आपण ३२ पीएसआय हवा भरतो. हा दाब त्याच्या चाळीसपटींहून अधिक झाला.

दाब वाहून नेणारा मार्ग बहुतांशी पोलादी पाइपचा असतो. तो गाडीच्या सांगाड्याला घट्ट जखडलेला असतो आणि फुगत नाही. पण चाके वर-खाली होतात आणि पुढची चाके वळतातही. त्यामुळे सांगाडा आणि चाक यांच्यामधला शेवटचा फूटभर तुकडा लवचीकच असावा लागतो. पोलोसारख्या गाडीत असे चार तुकडे असतात. दोन पुढच्या कॅलिपरकडे जातात आणि दोन मागच्या आसाकडे. गॅरेजमध्ये त्यांना होज पाइप म्हणतात. हा सारा खटाटोप या चार तुकड्यांपुरताच आहे.

द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचा इतिहासही या लवचीक दुव्याशी बांधलेला आहे. अमेरिकेतल्या माल्कम लॉगहेड याने अशा ब्रेकच्या रचनेवर काम केले. विमानांमुळे गाजलेले लॉकहीड हे नाव याच घराण्याचे, फक्त उच्चारासाठी सोपे केलेले. चारही चाकांना असे ब्रेक असलेली पहिली उत्पादित मोटार म्हणजे १९२१ सालची ड्यूझेनबर्ग मॉडेल ए. त्या काळच्या रचनेत गळती रोखण्यासाठी चामड्याच्या वाट्या वापरत, आणि त्या झिरपत. पुढे त्यांच्या जागी रबर आले, १९२४ च्या क्रायस्लरमध्ये हे ब्रेक सुधारून बसविले गेले, तेव्हा कुठे सामान्य ग्राहकाचा त्यावर विश्वास बसला.

आजची रबरी नळी म्हणजे बागेत पाणी घालण्याची नळी नव्हे. आत कृत्रिम रबराची बारीक नलिका, तिच्यावर मजबूत धाग्याच्या विणीचे दोन थर आणि बाहेर पुन्हा ऊन, पाणी, चिखल सोसणारे रबर, अशी तिची रचना असते. विणीची कल्पना पोलादी नळीने नव्याने आणलेली नाही. रबरी नळीच्या पोटातही वीण असतेच. फरक इतकाच, की ती धाग्याची असते आणि दिसत नाही. धागा आणि रबर दोन्ही दाबाखाली किंचित ताणले जातात. नळी किंचित फुगते. पेडलने रेटलेल्या द्रवाचा थोडा भाग चाकाकडे जाण्याऐवजी ही फुगलेली जागा भरण्यात खर्च होतो. पायाला जाणवणारा स्पंजासारखा मऊपणा अंशतः येतो तो इथून.

ब्रेडेड नळीत आतली नलिका रबराची नसून पीटीएफई या प्लास्टिकची असते. रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३८ साली हा पदार्थ योगायोगाने सापडला. न चिकटणाऱ्या तव्यामुळे घराघरांत पोहोचलेले टेफ्लॉन ते हेच. त्यावर गंज न चढणाऱ्या पोलादाच्या बारीक तारांची वीण असते आणि चांगल्या नळीत विणीवरही प्लास्टिकचे पारदर्शक वा रंगीत आवरण असते. विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणांत वापरात आलेली ही रचना शर्यतीच्या गाड्यांनी उचलली आणि तिथून ती हौशी मोटारचालकांपर्यंत आली. दुचाकीवाल्यांना ती अधिक लवकर परिचयाची झाली. २०१२ मध्ये आलेल्या आणि चाकणमध्येच तयार होणाऱ्या केटीएम २०० ड्यूकला ती कारखान्यातूनच होती. दुचाकीत तिचा उपयोग अधिक जाणवतो, यालाही कारण आहे. हँडलपासून चाकापर्यंतचा जवळजवळ सारा मार्ग लवचीक नळीचाच असतो आणि जोर असतो तो फक्त बोटांचा.

मोटारीत हा फरक नेमका किती, याचा अंदाज अमेरिकेच्या ब्रेक होजविषयक सरकारी मानकातून, म्हणजे एफएमव्हीएसएस १०६ मधून बांधता येतो. त्यात ३ मिलिमीटर वा त्याहून कमी आतल्या व्यासाची नळी १५०० पीएसआय दाबाला किती फुगली तर चालेल, याची मर्यादा दिली आहे. सामान्य नळीसाठी ती दर फुटाला ०.७९ घन सेंटिमीटर आहे, तर ‘कमी फुगणारी’ म्हणून नोंदविलेल्या नळीसाठी ०.४२. गाडीत अशी चार फूट नळी आहे असे धरले, तर दोन मर्यादांमधला फरक सुमारे दीड घन सेंटिमीटर होतो. मास्टर सिलिंडरचा व्यास २२ मिलिमीटर धरला, तर इतका द्रव रेटायला दट्ट्याला सुमारे चार मिलिमीटर जास्त सरकावे लागेल. पेडलचे गुणोत्तर चारास एक असेल, तर पायाखाली तो फरक सोळा मिलिमीटरच्या आसपास भरेल.

हा हिशेब कायद्याने घातलेल्या कमाल मर्यादांचा आहे, हे विसरून चालणार नाही. नामांकित निर्मात्याची नवी रबरी नळी या मर्यादेच्या बरीच आत असते. त्यामुळे नव्या गाडीत नवी रबरी नळी काढून ब्रेडेड नळी टाकली, तर पेडलच्या प्रवासातला फरक काही मिलिमीटरचाच राहतो. शिवाय मऊपणाचा सारा दोष नळीचा नसतो. कॅलिपर दाबाखाली किंचित उघडतो, पॅड थोडेसे दबतात आणि सर्व्होलाही आपली लवचीकता असते. पोलो जीटी टीएसआयला मागे ड्रम ब्रेक आहेत. तिथे लायनर आणि ड्रम यांच्यातली फट वाढली असेल, तर ती भरून काढण्यातच पेडल खाली जाते. अशा गाडीत ड्रमची सेटिंग न पाहता पोलादी नळ्यांवर पैसे घालणारा मालक चुकीच्या ठिकाणी औषध लावत असतो.

जुन्या गाडीची गोष्ट निराळी. दहा वर्षांची रबरी नळी उष्णता, पाऊस आणि लक्षावधी वेळा वाकण्याने थकलेली असते. तिच्या बाहेरच्या थराला भेगा पडतात. आतला थर कधी सुजतो, कधी सुटा होतो आणि मग विचित्र दोष दिसू लागतात. पेडल दाबले की दाब पुढे जातो, पण सोडल्यावर द्रव परत येऊ शकत नाही. सुजलेली नळी एकेरी झडपेसारखी वागते, एक चाक धरून राहते, डिस्क तापते आणि गाडी एका बाजूला ओढते. मेकॅनिक कॅलिपर उघडतो, दट्ट्या साफ करतो आणि दोष तिथेच राहतो. अशा गाडीला ब्रेडेड नळी बसविली आणि मालक ‘जादू झाली’ म्हणू लागला, तर त्या जादूचे श्रेय बऱ्याच अंशी नव्या नळीला, नव्या द्रवाला आणि नीट काढलेल्या हवेला असते. कंपनीच्या नव्या रबरी नळीनेही त्यातले पुष्कळसे साधले असते, आणि तेही कमी पैशांत.

आता थांबण्याच्या अंतराकडे वळू. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. कोरड्या, चांगल्या डांबरावर टायरची पकड ०.९ धरली, तर भौतिकशास्त्राच्या साध्या सूत्राने गाडीला थांबायला सुमारे ४४ मीटर लागतात. या सूत्रात नळी नाही, कॅलिपर नाही, गाडीचे वजनसुद्धा नाही. आहे तो फक्त वेग आणि टायर-रस्ता यांच्यामधली पकड. गाडीचे मूळ ब्रेक चारही चाके पकडीच्या सीमेपर्यंत नेऊ शकत असतील, आणि एबीएस कामाला लावण्याइतका जोर जवळपास सर्वच आधुनिक गाड्यांत असतो, तर त्यापुढे नळीने घालायची भर उरत नाही. घट्ट नळीमुळे दाब थोडा लवकर चढतो, हे खरे. हा फायदा सेकंदाच्या दोन शतांशांइतका आहे असे मानले, तरी ताशी १०० किलोमीटर वेगाला त्याचे साधारण अर्ध्या मीटरहून थोडे अधिक अंतर होते. झिजलेले टायर बदलून चांगले टायर घातले, तर याच्या कितीतरी पट फायदा होतो. पावसाळ्यात तर हा फरक जीव वाचविण्याइतका असतो.

मग शर्यतीतले चालक या नळ्यांचा आग्रह का धरतात? चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर प्रत्येक फेरीत चालक तेच वळण त्याच बिंदूला ब्रेक मारून घेत असतो. चाक अडकण्याच्या काठावर गाडी धरून ठेवायची, वळणात शिरताना पायाचा जोर हळूहळू कमी करायचा, हे त्याचे कौशल्य. त्यासाठी पायाने दिलेला जोर आणि चाकाला मिळालेला दाब यांचे नाते सरळ आणि रोज सारखेच असावे लागते. फुगणारी नळी या नात्यात एक अस्पष्टता आणते. तापली की अधिकच. पोलादी वीण ती अस्पष्टता काढून टाकते. चालकाला पेडलमधून टायरची बातमी अधिक स्वच्छ मिळते. लाभ आहे तो हा, आणि तो खरा आहे. पण ज्याला ही बातमी वाचता येते, त्याच्याच तो उपयोगाचा. सकाळी सिंहगड रस्त्यावर दुचाक्यांच्या गर्दीतून वाट काढणाऱ्याला घट्ट पेडल आवडेल. त्याने त्याचा अपघात टळेलच असे नाही.

घाटाचा विषय मात्र प्रत्येक मोटारचालकाचा आहे. माणसांसह साडेबाराशे किलोची गाडी ताशी १०० वेगावरून थांबते तेव्हा सुमारे ४८० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. दीड लिटर पाणी उकळीपर्यंत नेण्याइतकी ही उष्णता काही सेकंदांत डिस्क आणि पॅडमध्ये जाते. लोणावळ्याहून बोरघाट उतरून खोपोलीला येताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर खाली येते. तीच गाडी केवळ ब्रेकवर उतरविली, तर शंभराच्या वेगावरून चौदा वेळा थांबण्याइतकी उष्णता तयार होते. हवेचा विरोध आणि इंजिनाचा अटकाव यातला काही वाटा उचलतात, पण गिअर न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचविणारे महाभाग तो अटकावही फेकून देतात.

या उष्णतेने ब्रेक दोन प्रकारे दगा देतात, आणि दोन्ही प्रकार पायाला ओळखता येतात. पहिल्यात पॅडचा पृष्ठभाग इतका तापतो की घर्षण कमी होते. पेडल दगडासारखे घट्ट राहते, पण गाडी धरत नाही. दुसऱ्यात कॅलिपरमधला द्रव उकळतो. वाफ दाबली जाते, द्रवासारखी ती जोर पुढे देत नाही, आणि पेडल थेट फरशीला टेकते. पहिल्यावर उपाय चांगले पॅड आणि अधिक थंडावा. दुसऱ्यावर उपाय ताजा द्रव. या दोहोंत नळीचे काम जवळजवळ शून्य. पेडल फरशीला लागले म्हणून ब्रेडेड नळी घालणारा मालक पुढच्या घाटात तोच अनुभव पुन्हा घेऊ शकतो.

गॅरेजमध्ये ज्याला सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, ते तेल नसतेच. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे द्रव ग्लायकॉल वर्गातले असून हवेतली आर्द्रता शोषून घेतात. मानकाप्रमाणे ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळले की किमान अपेक्षा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. कोकणपट्टीच्या दमट हवेत, चार पावसाळे पाहिलेल्या गाडीत हा द्रव कोणत्या अवस्थेत असेल, याची कल्पना करता येते. द्रव दर दोन वर्षांनी बदलावा, असे अनेक उत्पादक सांगतात. तरीही ‘कमी झालं तर टाकू’ या हिशेबाने वर्षानुवर्षे जुन्यातच नवे ओतले जाते. काही ठिकाणी तर खरेच खनिज तेल ओतले जाते. त्याने आतली रबरी सीले सुजतात आणि मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत सारे बदलण्याची वेळ येते. ब्रेडेड नळीचा एक गुण इथे मान्य केला पाहिजे. रबरातून आर्द्रता अतिशय सावकाश का होईना, आत झिरपते. पीटीएफईमधून ती त्याहून कमी झिरपते. परंतु त्यामुळे द्रव बदलण्यातून सुटका होत नाही.

पोलादी नळी इतकी चांगली, तर कारखाने ती सरसकट का बसवीत नाहीत? किंमत हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे. रबरी नळी वाकते, पिळली जाते, दगड खाते आणि दहा-बारा वर्षे कोणी ढुंकूनही न पाहिले तरी बहुधा चालते. तिच्यातून चाकाची थरथर कमी पोहोचते. आणि ती म्हातारी झाली की बाहेरून भेगा पडतात, फुगवटा येतो, ओलसरपणा दिसतो. जाणकाराने टॉर्च मारून पाहिले की ती आपले वय सांगते. पोलादी वीण हे सांगत नाही. आतल्या नलिकेला इजा झाली, तरी बाहेरून नळी चकचकीतच दिसते. पीटीएफईची नलिका एकदा तीव्र कोनात मुडपली की तिची ती घडी कायमची राहते. तारांची वीण जिथे टोकाच्या जोडणीत शिरते, तिथे सतत वाकण्याने तारा एकेक करून तुटतात. विणीवर आवरण नसेल, तर धूळ-वाळू आत जाऊन नलिकेला घासत राहते. उघडी वीण गाडीच्या दुसऱ्या भागाला टेकली, तर ती कानसीसारखी त्या भागालाच कापत जाते.

वर उल्लेखलेल्या अमेरिकी मानकात म्हणूनच फक्त फुटण्याच्या दाबाची परीक्षा नाही. नळी पाण्याच्या दाबाखाली यंत्रावर सलग ३५ तास फटकारली जाते आणि तेवढ्या वेळात ती फुटता कामा नये. दाब सोसणे पोलादी विणीला सोपे. हे फटकारणे तिला कठीण. अनेक वर्षे बाजारातल्या बऱ्याच ब्रेडेड नळ्या ‘केवळ शर्यतीसाठी’ अशी चिठ्ठी लावून विकल्या जात, त्यामागे हेच होते. टोकाशी तारांना आधार देणारी रचना आल्यावर मानकात बसणाऱ्या नळ्या मिळू लागल्या. शर्यतीच्या गाडीची नळी मेकॅनिक प्रत्येक शर्यतीपूर्वी हाताने चाचपतो आणि ठरलेल्या मुदतीत फेकून देतो. तीच नळी सोसायटीच्या वाहनतळात उभ्या असलेल्या गाडीला लावली की तिच्याकडे कोण पाहणार, हा प्रश्न उरतोच.

म्हणून खरेदीच्या वेळी रंगापेक्षा कागद पाहावा. नळीवर निर्मात्याचे नाव आणि मानकाची खूण छापलेली आहे का, ती नेमक्या त्या गाडीसाठी बनविलेली आहे का, टोकाच्या जोडण्या कारखान्यात यंत्राने दाबून बसविलेल्या आहेत का, हे तपासायचे. ‘मापाने कापून बनवून देतो’ असे सांगणाऱ्या दुकानातून ब्रेकची नळी घेऊ नये. जर्मनीत अशा बदलासाठी मान्यतेची कागदपत्रे सोबत ठेवावी लागतात. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. नोंदणी प्रमाणपत्रात ब्रेकच्या नळीची नोंद नसते. तरीही गंभीर अपघातानंतर विम्याचा दावा करताना ब्रेक यंत्रणेतला बदल अडचणीचा विषय ठरू शकतो. वॉरंटीत असलेल्या गाडीत हा उद्योग करण्यापूर्वी तर दहादा विचार करावा.

बसविण्याचे काम अर्ध्या दिवसाचे दिसते, पण त्यातला प्रत्येक टप्पा चुकायला मोकळा आहे. जुन्या पोलादी पाइपचा नट गंजून बसलेला असतो. साध्या पान्याने तो फिरविला की त्याचे कोन झिजतात आणि मग नळीसोबत पाइपही बदलावा लागतो. त्यासाठी नटाला जवळजवळ सर्व बाजूंनी धरणारा खास पाना वापरतात. कॅलिपरकडची जोडणी पोकळ बँजो बोल्टची असते. तिच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वायसर दर वेळी नवेच घालायचे. जुना, एकदा दबलेला वायसर गळणारच. बोल्ट अंदाजाने नव्हे, तर उत्पादकाने दिलेल्या आकड्याइतका टॉर्क पान्याने आवळायचा. जास्त आवळला की पोकळ बोल्ट तुटतो, कमी आवळला की झिरपतो. नळीला पीळ बसता कामा नये. स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून, चाक लोंबते सोडून आणि गाडी जमिनीवर टेकवून, अशा सर्व अवस्थांत नळी कुठे ताणली जाते, कुठे टायरला घासते, हे डोळ्यांनी पाहायचे. कंपनीने दिलेल्या क्लिपा ‘राहू द्या’ म्हणून बाजूला ठेवणारा फिटर असेल, तर गाडी तिथून काढून घेतलेली बरी.

त्यानंतर हवा काढणे. एक जण पेडलवर आणि दुसरा चाकाशी, ‘मार, धर, सोड’ असा पुकारा करीत, ही आपल्याकडची जुनी पद्धत आजही चालते. फक्त वरच्या टाकीतला द्रव या सगळ्यात तळाला जाऊ देऊ नये. तसे झाले तर हवा एबीएसच्या मोड्यूलमध्ये शिरते. तिथून ती काढायला बऱ्याच गाड्यांत संगणक जोडून आतल्या झडपा उघडाव्या लागतात. ही सोय नसलेल्या गॅरेजमधून गाडी मऊ पेडल घेऊनच बाहेर पडते आणि मग दोष नव्या नळीला दिला जातो. सांडलेला द्रव रंग खातो, म्हणून गाडीवर पडल्यास तो लगेच पाण्याने धुवायचा.

आजच्या गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. पोलोसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एक मार्ग पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकाकडे, तर दुसरा उरलेल्या दोघांकडे जातो. एक नळी फुटली तरी निम्मे ब्रेक शाबूत राहावेत, हा त्यामागचा विचार. पण निम्मे ब्रेक म्हणजे पेडल एकाएकी खोल जाणे, थांबण्याचे अंतर दुपटीच्या आसपास जाणे आणि बेसावध चालकाचा पाय गोंधळणे. हा प्रसंग खोपोलीच्या अलीकडच्या वळणावर यावा, असे कोणालाच वाटणार नाही.

पैसे मोजकेच असतील, तर क्रम असा लावता येतो. आधी टायर, मग ताजा डॉट ४ द्रव, मग चांगले पॅड आणि मागच्या ड्रमची सेटिंग. रबरी नळ्या जुन्या झाल्या असतील, तर त्या बदलायच्याच आहेत. त्या वेळी ब्रेडेड घ्यायच्या की कंपनीच्या, हा आवडीचा आणि खिशाचा प्रश्न. गाडी ट्रॅकवर नेणार असाल, तर ब्रेडेडला निःसंशय पसंती. आठवड्यातून दोनदा पुणे-मुंबई करणाऱ्याला आणि गाडीखाली कधीही न वाकणाऱ्याला कंपनीची रबरी नळी अधिक मानवेल.

नळ्या बसविल्यावर गाडी ताबडतोब हमरस्त्यावर नेऊ नये. इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीत पेडल पूर्ण जोराने अर्धा मिनिट दाबून धरायचे. ते हळूहळू खाली सरकत असेल, तर कुठेतरी गळती आहे. मग मोकळ्या जागेत कमी वेगाला, त्यानंतर थोड्या अधिक वेगाला काही कडक ब्रेक मारून पाहायचे. परत आल्यावर चारही जोडण्या कोरड्या फडक्याने पुसायच्या आणि रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी पुन्हा बोट फिरवायचे. बोटाला ओल लागली, तर त्या दिवशी गाडी बाहेर काढायची नाही. हीच तपासणी पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर आणि पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी, चाक काढून, टॉर्च लावून करायची असते.